गौरवग्रंथासाठी दोन पानं

— नाही, ते 'सहचारिणीच्या नजरेतून' शीर्षक आधी खोड बघू. सहचारिणी म्हणे. मी काही ह्यांच्या बरोबरीने चालत नव्हते, मागून ताटं उचलत होते. आणि उभी का? बस ना — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — हां, इथे. हे वर झोपलेत, उठायला अवकाश आहे. तर दोन पानं हवीत तुला. माजी अर्थमंत्र्यांची पंच्याऐंशी वर्षं, त्यांचा गौरवग्रंथ, जगाच्या पैशाची नवी घडी बसवणारा माणूस, आणि शेवटी बायकोची दोन पानं — त्यांना गोड किती आवडतं, राग आला की कसे गप्प बसतात, चष्मा कुठे विसरतात. माहीत आहे गं मला. अशी पुस्तकं कपाटभर आहेत आमच्याकडे. बायकांची पानं सगळी सारखीच असतात, नवरे तेवढे बदलतात.

काय विचारत होतीस मघाशी — ती बैठक खरंच ह्या घरात झाली का? झाली. त्या पलीकडच्या जेवणाच्या खोलीत, शनिवारी दुपारी. तेव्हा जगभर पैशाचा गोंधळ चालला होता, कुठल्या देशाचं चलन कशाला बांधायचं, भाव कोणी ठरवायचा — मोठ्या देशांचं एक नवं मंडळ निघणार होतं आणि आपल्याला त्यात खुर्ची हवी होती. कचेरीत बसले असते तर वर्तमानपत्रवाल्यांना वास लागला असता, म्हणून घरी. नोकरांना सुट्टी. तिघंच जण — थोरले साहेब, म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान, आमचे हे, आणि त्या बड्या देशाचा मंत्री. त्याला मी पाहुणाच म्हणते, नाव घेतलं की तोंड कडू होतं. आणि वाढायला मी. वाढणाऱ्या बाईला कान नसतात अशी तिघांचीही पक्की समजूत. 'आणखी थोडं सूप?' म्हटलं की वर बघायचे, गोड हसायचे, आणि परत आपलं सुरू. बोलत काय होते? — सांगते ना. खाडीपलीकडचा तो छोटा देश, त्याचं चलन आपल्या चलनाला बांधलेलं होतं. म्हणजे आपल्या सरकारचा शब्द होता, की तुमच्या नोटा कधीही आणा, आमची बँक ठरलेल्या भावाने बदलून देईल. त्या शब्दावर अख्खा देश जगत होता — पगार, दुकानं, म्हाताऱ्यांची पेन्शन, सगळं. आणि त्यांचा गुन्हा काय, तर बड्यांच्या लढाऊ जहाजांना त्यांनी बंदर द्यायचं नाकारलं होतं. मग पाहुण्याला राग. पण राग असा ताटात थोडाच वाढतात? तो द्राक्षं खात होता, माझ्या आईने दिलेल्या बशीत एकेक बी थुंकत होता, आणि थुंकता थुंकता म्हणाला, खुर्ची तुमचीच आहे हो, पण असलं ओझं पाठीवर घेऊन खुर्चीत बसता येत नाही. थोरल्या साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी रुमालाने ओठ टिपले — असे, दोन्ही कोपरे, अजून तसेच टिपतात, मी मान वळवते — आणि म्हणाले, 'सोमवारी सकाळी सोडून देऊ.' मांजरीची पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून येतात ना, तसं. आणि लगेच कॉफी मागितली.

आता माझा धाकटा भाऊ — तो त्या देशात आपला राजदूत होता. मीच मोठं केलं त्याला म्हण, आई गेल्यावर. ह्यांच्यावर त्याचा देवासारखा विश्वास. मी कॉफी करायला आत गेले आणि बोळातला फोन वाजला, तर हाच. म्हणाला, ताई, इथे बाजारात कुजबुज आहे, लोक बँकेपुढे रांगा लावतायत, इथलं सरकार म्हणतंय उद्या संध्याकाळी रेडिओवर येऊन धीर द्या — भाऊजींना विचारायचंय, बोलू का? मी तोंडाशी पदर धरला आणि सांगून टाकलं. म्हटलं, 'बोलू नकोस. सोमवारी सोडून देतायत त्यांना. आत्ता माझ्यासमोर ठरलं.' मग हसला तो. म्हणाला, 'ताई, तुला त्यातलं काय कळतं? भाऊजींना दे.' दिला. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि काय मऊ आवाज गं — अरे, तिची झोप होत नाहीये हल्ली, काहीतरी अर्धवट ऐकलं असेल, तू बोल खुशाल, मी आहे ना तुझ्यामागे. फोन ठेवला. मला वाटलं आता मला बोलतील, ओरडतील. छे. 'साखर वेगळी दे, पाहुणे घेत नाहीत,' एवढंच म्हणाले आणि आत गेले.

रविवारी तो रेडिओवर बोलला, आमच्या सरकारचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ वगैरे. सोमवारी आपल्या बँकेने नोटा बदलायची खिडकी बंद केली. तिथल्या नोटा — काय सांगू, लोकांनी म्हणे त्या खिडकीखाली नुसत्या फेकून दिल्या. भावाला बंद गाडीतून धक्क्यावर आणलं, तर काचांवर थुंकले लोक. आणि इकडे हे संसदेत उभे राहिले, पांढरेशुभ्र कपडे, म्हणाले, आमच्या राजदूतांनी सूचनांपलीकडे जाऊन आश्वासन दिलं, आम्हाला खेद आहे. स्वतःच्या मेहुण्याबद्दल. टाळ्या पडल्या. केवढा निःस्पृह माणूस. — हे लिहू नकोस. नाही, लिही. बघ तुझं तू.

भाऊ परत आला तो आमच्याकडेच राहिला, वरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. दाढी नाही, आंघोळ नाही. चौकशी समिती नेमली होती, त्याला बोलावणार होते. मी ताट घेऊन वर जायची आणि म्हणायची, सगळं सांग, मी साक्षीला येते, मी होते तिथे. तो मान हलवायचा. मला इतकं बरं वाटत होतं गं तेव्हा, लाज वाटावी इतकं. मग एका दुपारी हे वर गेले, दार लावलं. थोड्या वेळाने दोघे खाली आले आणि ह्याने दाढी केलेली. त्या नव्या मंडळात जागा मिळाली होती त्याला, परदेशात, बंगला, गाडी. समितीला लिहून देणार होता — उत्साहाच्या भरात बोललो. जेवायला बसले शेजारी शेजारी. मी वाढलं. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. माझ्या हातून थोडं सांडलं टेबलावर, तर दोघांनी एकाच वेळी रुमाल पुढे केला.

आणि दुसऱ्याच दिवशी ती आली. ती म्हणजे त्याच्या तिकडच्या घरची स्वयंपाकाची बाई. विधवा. बोटीने, मग बसने, पत्ता विचारत विचारत. तुझ्या त्या खुर्चीतच बसली होती, अगदी कडेला. भाऊ जिन्यावर आला, तिला बघितलं आणि मांजरासारखा मागे वर गेला. मी म्हटलं, तो घरातच आहे, बोलावते. तर म्हणाली, नको, पैसे मागायला नाही आले. मुलीच्या शिक्षणाचे होते, गेले ते गेले. पण मी वाढत असताना आमचे साहेब म्हणाले होते, घाबरू नका, नोटा बदलून आणू नका. तेव्हा त्यांना माहीत होतं का, एवढंच विचारायचंय. मी तोंड उघडायच्या आत हे जिना उतरून आले. तिला बाई म्हणाले, अहोजाहो केलं, तिच्यासमोर बसले. 'कोणालाच माहीत नव्हतं हो,' म्हणाले, 'आम्हालाही रविवारी रात्री कळलं.' मी म्हटलं, 'खोटं आहे. मी स्वतः त्याला फोनवर सांगितलं होतं.' अगदी ह्याच शब्दांत. तिने माझ्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नुसती माझ्याकडे बघून मान हलवली, हळहळल्यासारखी. आणि ती उठली — ह्यांना हात जोडले, म्हणाली, मोठी माणसं तुम्ही, माझ्याशी बोललात, मनातली शंका गेली. माझ्याशी एक शब्द नाही. चहा तसाच. तिचा राग नाही मला — म्हणजे आहे, कशाला खोटं बोलू, आहेच.

पुढे? पुढे छान झालं सगळ्यांचं. दर सुट्टीत भाऊ यायचा, दोघं पत्ते खेळायचे, पाहुण्यांना गोष्ट सांगायचे — आमची ताई तेव्हा काय घाबरली होती, फोनवर कुजबुजायला लागली. लोक हसायचे. मी पण हसायचे, कधी कधी. गेल्या वर्षी गेला तो. आजारात दोनदा निरोप पाठवला, ताईला म्हणावं एकदा ये. नाही गेले. शोकसभेत हे फार सुंदर बोलले, म्हणे. काय सांगायचं असेल त्याला? — मला माहीत आहे काय ते. फोनवर हसला ना तो, ते हसणं मी लहानपणापासून ओळखते. काच फोडली, दूध सांडलं, की पकडला जाण्याआधी असाच हसायचा. त्याला पटलं होतं गं. माझा शब्द न् शब्द पटला होता. आणि तरी दुसऱ्या दिवशी रेडिओवर जाऊन बोलला, आणि घरी येऊन त्या बाईच्या हातचं जेवता जेवता तिला — ह्यांचं काय, हे असलेच. पण त्याला मी भरवलंय ह्या हातांनी. — हे कोणाला बोलले नव्हते मी. तुला का सांगतेय कोण जाणे.

लिहिलंस का सगळं? बघू — बरंच लिहिलंस की. अक्षर चांगलं आहे तुझं. हं? काय म्हणालीस? — छापायच्या आधी एकदा साहेबांच्या नजरेखालून घालशील. तपशील बरोबर आहेत ना एवढं बघायला.

नाही, चूक तुझी नाही. तुमच्याकडे तशीच रीत असणार.

ऊठ. ती पानं फाडून इथे ठेव आणि जा. ह्यांना उठायची वेळ झाली — माझी दोन पानं तेच लिहून देतील. सुंदर लिहितात.