खिडकीजवळचा चाळिसावा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गाल सुजलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मुलीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"इथेही काम?"

"बाबा, तुमच्या जुन्या ऑफिसातल्या चाळीस कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर टाकतेय."

"तिथे न जाता?"

"बाई फळ्यावर एकदाच लिहितात आणि सगळा वर्ग उतरवून घेतो ना? तसंच. फक्त मुलं जागी हवीत."

"मग तोंड का पाडलंस?"

"एकोणचाळीस झाले. एक उत्तरच देत नाही. दोनला साहेब बघणार, आणि माझं हे पहिलंच काम."

"कुठला गं?"

"खिडकीजवळचा, आवक-जावकचा."

"अगं, ती माझी जागा!"

"आता तिथे तुमच्या हाताखालच्या मावशी बसतात. कॉम्प्युटर बंद करू नका, असं सकाळी बजावलं होतं मी सगळ्यांना."

"किती वाजले?"

"दीड. जेवणाची सुट्टी."

"मग तिने भिंतीवरचं बटण बंद केलं असणार."

"इतकं सांगूनही?"

"तू आज सांगितलंस. मी अकरा वर्षं रोज सांगितलं, जेवायला उठताना आधी बटण बंद."

"बाबा!"

"ओरडू नकोस, दात ठणकतो. फोन दे... हॅलो, मी बोलतोय. डबा ठेव बाजूला आणि बटण चालू कर. हो, मीच सांगतोय! डोकं ठिकाणावर आहे माझं, दुखतोय तो दात."

"आला बाबा, आला! पंधरा मिनिटांत होईल."

"ऐकलंस? दोनपर्यंत त्या बटणाला हात लावू नकोस. आणि हे बघ, फक्त आजच हं. उद्यापासून नेहमीसारखं बंद."