नाकात दोन थेंब

ह्यांचा डोळा वाचला म्हणून आज सांगतेय, नाहीतर हा विषयच काढला नसता.

आमच्या ह्यांना मधुमेह, वर धुळीची ॲलर्जी. वागळे इस्टेटमधल्या एका मित्राने घरी काढलेला पाल्याचा रस दिला. "नाकात दोन थेंब टाक, नैसर्गिक आहे, काही होत नाही." ह्यांनी महिनाभर टाकला. मग एक नाकपुडी बंद झाली, गाल सुजला. एका सकाळी म्हणाले, "अगं, मला तू दोन-दोन दिसतेयस."

तशीच रिक्षा केली. डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली, तर पडद्यावर काळंच काळं.

"बुरशी आहे, डोळ्याकडे पसरतेय. नाकात काही टाकत होतात का?"

मी म्हटलं, "नैसर्गिकच होतं हो!"

"बुरशीही नैसर्गिकच असते, ताई. लगेच ऑपरेशन करावं लागेल, इथे सही करा."

पेन हातात धरलं आणि मला माझंच नाव आठवेना.