काळा पडदा आणि बोळीतले कॅरेट

माझा जन्म मोहगावचा, नोकरी सौंसरच्या न्यायालयात, रीडर म्हणून, म्हणजे न्यायाधीशांचा पेशकार. घरी मराठी, कार्यालयात हिंदी, असं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतरही अर्ज लिहिणं सुटलं नाही, कारण अन्याय निवृत्त होत नाही, हे शब्दशः लिहून घ्या. लॅपटॉपही माझा तसाच, दोन व्यवस्थांचा. विंडोज आधीचं, मशीन म्हातारं झालं म्हणून नागपूरच्या मुलीनं सोबत लिनक्स बसवून दिलं, आणि चालू करताना मशीन विचारतं, आज कोणात जायचं.

तर लिनक्समध्ये झाकण लावलं की मशीन झोपायचं, उघडलं की जागं व्हायचं, पण पडदा काळाच. पांढुर्ण्याचा एक दुकानदार म्हणे, काकाजी, पडदा गेला, बदलावा लागते. मी म्हटलं, भल्या माणसा, हाच पडदा विंडोजमध्ये झोपून उठला की लख्ख दिसतो, मग दोष पडद्यावर सिद्ध कसा होतो? साक्षीदार एका न्यायालयात घडाघडा बोलतो आणि दुसऱ्यात मुका होतो, तर त्याची जीभ गेली असं म्हणाल, की तिथं त्याला कोणी दाबलं ते शोधाल? हेच त्याला लेखी कळवलं.

आता गजूभाऊ. तो आमचा शेजारी, संत्र्याचा व्यापारी, हंगामात त्याचे प्लास्टिकचे कॅरेट आमच्या दोन घरांमधल्या बोळीत छातीइतके रचलेले. नगरपालिकेला द्यायला मी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहीत होतो, हिंदीत, अडीच पानं, कलमांसह. जेवायला उठलो, सवयीनं झाकण लावलं, मजकूर जतन केला नव्हता. परत येऊन उघडतो तर काळं. पंखा फिरून राहिला, कॅप्सलॉक दाबलं की दिवा लागे, पुन्हा दाबलं की विझे, म्हणजे मशीन जागं, तक्रार जिवंत, फक्त दिसत नव्हती. बटण दाबून बंद केलं असतं तर सगळं गेलं असतं, आणि तशी भाषा माणसाला दोनदा सुचत नाही, काय सांगू तुम्हाला.

मी ओरडत होतो, असं म्हणतात. बोळीपलीकडून गजूभाऊच बोलला, काऊन काकाजी, कोणाची सुनावणी चालू आहे? मी मशीनचं सांगितलं. तो म्हणे, आणा ना इकडं, आमच्या टीव्हीले तार लावू, जागं असंल तर तिथं दिसंल. सुमित्रा, आमची सौभाग्यवती, माझ्याकडे पाहून राहिली. आत काय लिहिलं आहे ते तिला ठाऊक होतं. मी विचार केला, प्रतिवादीला तक्रारीची प्रत द्यावीच लागते, न देणं हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे. मशीन उचललं आणि गेलो.

त्यानं घरच्यांची मालिका बंद केली, तार लावली, आणि भल्यामोठ्या टीव्हीवर माझी तक्रार उगवली, वर गजूभाऊचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी आधी जतन केलं, मगच त्याच्याकडे पाहिलं. त्याची आई म्हणे, गजू, तुयं नाव टीव्हीवर कायले आलं रे बाप्पा? तो मला म्हणे, पान खाली घ्या. मी घेतलं. अतिक्रमण, सार्वजनिक मार्ग, उपद्रव, सगळं त्यानं वाचलं आणि म्हणाला, हिंदी लय भारी आहे काकाजी, पण कॅरेटांनं तुमाले नेमका तरास कोणता, हे तं यात कुठंच नाही.

माझा पारा चढला, कलम दिसत नाही का, म्हटलं. तेवढ्यात बोळीपलीकडून, आमच्या घरातून, सुमित्रेचा आवाज आला, गजूभाऊ, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझा वॉकर त्या बोळीतून जात नाही, मागच्या अंगणात उन्हाला बसायला मी गेलेच नाही.

गजूभाऊ जागचा उठला. हे मले सांगायचं सोडून नगरपालिकेले सांगून राहिले होते तुम्ही, एवढंच म्हणाला, आणि मग बोळीत कॅरेट हलवण्याचा आवाज.

पुढे मुलीनं फोनवरून लिनक्स अद्ययावत करवून घेतलं, आता पडदाही मशीनसोबत उठतो. दुकानदाराला तेही कळवलं आहे. तक्रार मी पाठवली नाही, रद्दही केली नाही. कधी उघडतो, वॉकरचा परिच्छेद घालून पाहतो, कुठल्याही कलमाखाली तो बसत नाही, दर वेळी वेगळाच उठून दिसतो, आणि त्याच्यापुढे बाकीची अडीच पानं माझ्यानं वाचवत नाहीत. सुमित्रा सकाळी मागच्या उन्हात असते, गजूभाऊची आई तिथं येऊन बसते. त्याच्या संत्र्याला यंदा चांगला भाव मिळो. हेही लिहा; तो सगळं शेवटपर्यंत वाचतो.