शेक दिलेली गिटार

...आणि वर लोक मलाच म्हणतात, 'गिटार चांगली आहे रे फर्डिनंड, तुझा हातच जड आहे!' हात जड? अहो, दिवसभर कचेरीत शिक्के मारतो म्हणून काय माझा हात जड झाला? तुम्हाला सांगतो, तार छेडली की सूर निघायचा, नाही असं नाही, पण सुराच्या मागून झर्रर्र... बाटलीत माशी कोंडावी तसं! सूर थांबला तरी माशी आपली चालूच! आणि सांगायचं कुणाला, तर ज्याला सांगावं तो मदतीला धावून येणार. आमच्या आगाशीकडच्या माणसांचं हे असं आहे बघा, पाणी मागितलं तर विहिरीपर्यंत हात धरून नेतील. देव भलं करो त्यांचं!

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मधूनच काय रडतोय. माझा चुलतभाऊ बॅप्टिस्ट बोटीवर कामाला. एकोणऐंशीच्या जुलैत सुट्टीवर आला आणि ही गिटार माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, 'घे, तुला लहानपणापासून गाण्याचं वेड.' वेड होतंच हो! पण देवळातल्या गायन मंडळातून मला बाराव्या वर्षी काढलं होतं. आवाज फुटला, म्हणाले. फुटला तो फुटलाच, परत काही जुळला नाही. वीस वर्षं मी मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवले. ओठ! तेव्हा गिटार आली म्हटल्यावर मला काय वाटलं असेल? आता गळा नसला तरी चालेल, बोटं तर आहेत!

गेलो फादरांकडे. फादर म्हणाले, 'डिसेंबरात आपल्या देवळाचा सण आहे, सणाच्या मिस्सेच्या प्रार्थनेला एकदा वाजव. बरं वाटलं तर मंडळात कायम, नाहीतर नाही.' शेजारी पेटी वाजवणारे ऑगस्टीन मास्तर बसले होते. चाळीस वर्षं पेटी वाजवतायत, पेटी आणि मास्तर यांतलं कोण जास्त जुनं ते देवालाच ठाऊक. त्यांनी नुसता चष्मा पुसला. तो चष्मा पुसणं तुम्ही बघायला हवं होतं!

आणि आमची आई, बर्था तिचं नाव, तिने काय करावं? केळीचे घड घेऊन आगाशीच्या बाजारात गेली आणि दिसेल त्याला, 'आमचा फर्डी सणाला वाजवणार!' भाजीवालीला, कंडक्टरला, औषधाच्या दुकानात खोकला घेऊन आलेल्या माणसाला! आता माघार घ्यायची कुठून?

आणि नेमकी ऑक्टोबरात गिटार झरझरायला लागली.

बायको क्लेमेंटीन म्हणाली, 'तारा सैल असतील, आवळा की! खाटेची नवार नाही का आवळत?' आवळली. टण्णकन तुटून गालावर बसली. हा बघा, अजून व्रण आहे. नवी तार आणायला मुंबईला जावं लागलं. मग मेव्हणा आला, मार्सेल. कारखान्यात फिटर, म्हणजे जगातलं सगळं यांना बसवता येतं. 'भावोजी, तारा खाली गेल्यात, उचलायला पाहिजेत.' म्हणून खालच्या हाडाच्या पट्टीखाली, जिच्यावरून तारा जातात तिच्याखाली, स्वतःच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून घातल्या! तारा अशा उंच गेल्या की धुणं वाळत घालावं. दाबता दाबता बोटांतून रक्त... आणि मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या तीन घरांत झरझर होती तशीच! पण प्रेमाने केलं हो दोघांनी. देव भलं करो त्यांचं!

सणाला उरले आठ दिवस. क्लेमेंटीन म्हणाली, 'लाकडाचंच आहे ना? मग लाकूडवाल्याला दाखवा.' तिचं एवढं एक वाक्य खरं निघालं, पण तिला सांगू नका. गेलो अर्नाळ्याला, एकनाथदादांकडे. होड्या बांधतात. साठीचा माणूस. जन्मभर ठोकाठोक करून कान गेलेले. मी म्हटलं, 'दादा, गिटार झरझरते.' 'काय?' 'झरझरते!' 'कोन मरते?' मी कपाळावर हात मारला. तारेचा आवाज दाखवायला मी कुणाकडे आलो, तर बहिऱ्याकडे!

पण त्या माणसाने काय करावं? गिटार हातात घेतली, तिच्या डोक्याला आपले दात टेकवले आणि मला खूण केली, वाजव! मी एकेक तार छेडली. दादा डोळे मिटून बसलेले. 'सुटी तार झरझरते. पयल्या घरात झरझरते, दुसऱ्या-तिसऱ्यात झरझरते. म्होरं नाय.' अहो, बरोब्बर! मी म्हटलं, 'दादा, कसं कळलं?' ते म्हणाले, 'हाडाला कलतं. कानाचं काय काम?'

मग एक डोळा मिटून गिटारच्या मानेवरून अशी नजर टाकली, फळी बघतात तशी. तार एका हाताने पहिल्या घरात दाबली, दुसऱ्या हाताने मान जिथे पेटाऱ्याला मिळते तिथे दाबली, आणि मला म्हणाले, 'मधी बघ. केसभर फट पायजे. हितं तर तार झोपलीय. मान मागं वाकलीय हिची. लाकूड सुकलंय. कुटं ठेवली होतीस?'

आता काय सांगू? खरं सांगितलं. पावसात आमच्याकडे चपलेलासुद्धा बुरशी येते, तेव्हा आई म्हणाली होती, 'गिटार माळ्यावर नको, केळी पिकवायच्या खोलीत ठेव. तिथं ऊब असते.' आमच्या वाडीतली ती खोली म्हणजे दारं-खिडक्या बंद, पेंढ्यात केळीचे घड आणि कोपऱ्यात गवऱ्यांची धुरी. आईने स्वतःची रविवारची चादर गुंडाळून, बाळंतिणीला शेक देतात तसा तीन महिने गिटारला शेक दिला! मायेने! रोज जाऊन बघायची, बरी आहे ना म्हणून!

एकनाथदादा पोट धरून हसले. 'केळी पिकली, गिटार सुकली!' मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'होडी उन्हात ऱ्हायली की फळ्यांना फटी पडतात. आपन ठोकत नाय, रडत नाय. पान्यात सोडायची. लाकूड पानी पितं नि आपसूक मिटतं. हिला पन पानी पाजू.' मी म्हटलं, 'दादा, खाडीत?' 'येडा काय!'

तर पहिल्यांदा मार्सेलची लग्नपत्रिका काढून फेकली. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांतली एक वर उठली होती, तिच्यावर चामड्याचा तुकडा ठेवून लाकडी हातोड्याने टुक, टुक. मग होड्या बांधायच्या छपराखाली गिटार टांगली, भोवती चार हातांवर ओली गोणपाटं. 'तारा सोडू नको हां. ताराच मान म्होरं ओढतील.' रोज कचेरीतून सुटलो की मी अर्नाळ्याला. रोज दादा दात लावून बघणार, 'आजून नाय.' पाचव्या दिवशी दात लावले, डोळे मिटले... आणि नुसते हसले. मी तार छेडली. स्वच्छ! माशी गेली! खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पैशाचं नाव काढलं तर हातोडा उगारला, 'केळी आन. पन पेंढ्यातली!' देव भलं करो त्यांचं, देव खरंच भलं करो त्यांचं!

सण उजाडला. देऊळ गच्च. मी पहिल्या रांगेत, पेटीच्या बाजूला. समोर साठ बायका-पुरुषांचं मंडळ आणि ऑगस्टीन मास्तरांनी भाता असा ओढला की खांब हलले! मी वाजवलं. तुम्हाला सांगतो, अख्खी मिस्सा वाजवलं, जीव ओतून, एक तार चुकली नाही, एक सूर झरझरला नाही. वीस वर्षं हललेले ओठ त्या दिवशी मी मिटून घेतले होते, गरजच नव्हती!

मिस्सा संपली. आई धावत आली, डोळे पुसत, 'फर्डी, काय वाजवलंस रे! ती पेटी तूच ना?'

ऑगस्टीन मास्तर म्हणाले, 'मी वाट बघत होतो, तू सुरू कधी करणार?'

मागच्या दाराशी एकनाथदादा उभे, सणाला आलेले. बोट वर करून म्हणाले, 'एकदम बरोबर वाजली! झरझर नाय!' मी म्हटलं, 'दादा, तुम्हाला कसं कळलं?' 'तुझं तोंड बघत होतो. झरझरली असती तर वाकडं झालं असतं.'

फादरांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'फर्डिनंड, मास्तरांची काही हरकत नाही, लोकांची नाही, म्हाताऱ्यांचीसुद्धा नाही. आजपासून तू मंडळात कायम!'

कायम म्हणजे कायम हो. सात वर्षं झाली, दर रविवारी वाजवतो... अजून कुणाची एक तक्रार आलेली नाही!