पहिल्या मताचा मान

आणि वर मलाच विचारतात हो, 'मतदान शून्य का?' आता मी काय स्वतः मतं टाकू? नव्याण्णव सालची गोष्ट सांगतो तुम्हाला. लोकसभा आणि विधानसभा एकदमच, तीही भर सप्टेंबरात. राधानगरीच्या वर धरणाच्या पाण्यात एक टेकडी, तिच्यावर टेकवाडी, चहूबाजूंनी पाणी आणि मतदार एकेचाळीस! आजवर ही माणसं होडीनं पलीकडं जाऊन मत द्यायची. अर्ज करकरून पहिल्यांदाच स्वतःचं केंद्र मिळालेलं, तेही चाचणी म्हणून. मतं पडली तर पुढं चालू, नाहीतर बंद. आणि केंद्राध्यक्ष कोण? मी! कारकून माणूस, बादलीपलीकडं पाण्याची ओळख नाही. काही झालं तरी खुलासा कोण देणार? मीच!

सकाळी शाळेची खोली उघडली, तर बाहेर अख्खी वाडी रांगेत. म्हटलं, दहापर्यंत मोकळे! 'या, पहिलं कोण?' कुणी हलेना. रांगेच्या तोंडाशी घडी घातलेलं घोंगडं, माणूसच नाही!

"बनाआक्काची जागा हाय ती," वाडीचा पुढारी बाळासो म्हणाला. "गाव बुडालं तवा या टेकडीवर पहिली चूल तिनं पेटवली. तवापास्नं नवं काय बी असूंदे, पहिला हात तिचा."

"मग बोलवा की तिला!"

"कसबा बावड्याला हाय, लेकीकडं. मोतीबिंदू काढलाय. होडीवाला गुंडू गेलाय पलीकडच्या काठाला, तिला आणायला. येतील की!"

"अहो, तोवर बाकीच्यांनी..."

"न्हाय!" अख्खी रांग एका सुरात! दोन पक्षांचे दोन प्रतिनिधी, एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तेही या 'न्हाय'मध्ये सामील!

तेवढ्यात पोलिसाचा वायरलेस. 'टेकवाडी, नऊची टक्केवारी?' 'शून्य.' 'आवाज येईना, मोठ्यानं सांगा!' आता शून्य आणखी किती मोठं करायचं, तुम्हीच सांगा! अकराला शून्य, एकला शून्य. तीनला निवडणूक अधिकारी साहेब स्वतः: 'काय, बहिष्कार आहे का? उद्या लेखी खुलासा!' घ्या! कोण देणार? मीच!

त्यात वारा सुटला. साडेचारला पलीकडच्या काठावर हिरवं लुगडं दिसलं. बाळासो ओरडला, "गुंड्याऽऽ, निघ!" पलीकडनं गुंडू, "वारं पडूंदेऽऽ!" आणि मग सगळं पाणी ओलांडून म्हातारीचा आवाज, "वारं मत देणार हाय व्हय रं? सोड होडी!"

सुटली होडी... वर येते, खाली जाते, मध्येच दिसेनाशी होते. वाडी सगळी काठाला धावली. मी मागनं बोंबलतोय, 'रांग मोडू नका, पाचला रांगेत असेल त्याचंच मत!' ऐकतंय कोण? एकदा होडी पार आडवी झाली... खरं सांगतो, टक्केवारी विसरलो मी तेव्हा. हातातल्या शाईच्या बाटलीचं बूच कधी पडलं, कळलंच नाही.

चार सत्तावन्नला गुंडूनं तिला पाठुंगळी वर आणलं. ओलीचिंब, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. तिचा पाय घोंगड्यावर पडला, मागं फटाफट रांग लागली, आणि पाच!

म्हटलं, "आजी, डोळ्याचं असं... सोबतीला कुणी देऊ का?"

"कशाला? कुणावर शिक्का मारायचा, त्याला एक डोळा पुरं हाय!"

साडेसहाला एकेचाळीसच्या एकेचाळीस! मी वायरलेसवर गर्जलो, 'शंभर टक्के!' पलीकडं नुसती खरखर. मग साहेब, 'तीनला शून्य आणि आता शंभर? पेट्या कुणी भरल्या? उद्या लेखी खुलासा!'

लिहिला की! चूल, घोंगडं, मोतीबिंदू, वारं, साडेचार पानं! वरनं शेरा आला: 'खुलासा मान्य. केंद्र कायम. सदर कर्मचाऱ्यास स्थानिक रीत माहीत असल्याने यापुढे प्रत्येक निवडणुकीस त्यांनाच पाठवावे.'

निवृत्त होईपर्यंत जात होतो बघा. दर खेपेला होडीत डोळे मिटून बसायचो, आणि उतरलो की घोंगड्यावर बनाआक्का, दोन्ही डोळे टकटकीत उघडे, "उशीर केलासा, पावणं!"

आता या उशिराचा खुलासा कोण देणार? मीच!