पळण्याआधीचे हार

मंडळी, जरा पुढं सरकून बसा, मागं माउली उभ्या आहेत. आणि सरकता सरकता एवढं सांगा — माणसाला जास्त कोण बुडवतं? शिव्या देणारा, की ओवाळणारा?

आप्पा म्हणतात, शिव्या देणारा. बरं. ऐका तर मग!

बोरजाईवाडी नावाचं गाव. तिथं दूध डेअरीवर फॅट तपासायला विलास थोरवे. वय पंचेचाळीस. गडी सरळ — डेअरीवर राहून दुधात पाणी घातलं नाही, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळलं. त्याची बायको शालन. दोन वर्षांमागं तिच्या किडन्या गेल्या. आठवड्याला दोनदा डायलिसिस. चार तास अंगातलं रक्त यंत्रातून धुऊन घ्यायचं. आणि यंत्र कुठं? जिल्ह्याला! सकाळी सहाची एसटी, अडीच तास जायला, अडीच तास यायला. येताना ती खिडकीच्या गजाला डोकं टेकायची आणि उलट्या करायची. विलास पिशवी धरून बसायचा. गावात असे आणखी चार जण होते, तेही त्याच एसटीत असायचे.

अशात जिल्ह्याच्या एका संस्थेनं धर्मादाय शर्यत काढली. एकवीस किलोमीटर. अट एकच — पेशंटच्या घरच्या माणसानं पळायचं. तीन तासांत पुरी केली, की त्या गावच्या दवाखान्याला यंत्र. एका गावातून एकच नाव, बदली गडी चालणार नाही. थोरव्यांनी नाव दिलं. हातात दोन महिने होते.

पहिले पंधरा दिवस काय पळाला म्हणता! पहाटे पाचला कॅनॉलच्या कडेनं सुरू. दोन किलोमीटर, चार, मग आठ. घरी आला की शालन दारात बसलेली. म्हणायची, "आज उशीर झाला, म्हणजे लांब गेला होता." आणि कितीतरी दिवसांनी हसायची.

मग गावाला प्रेम आलं! सरपंच बबनअण्णा म्हणाले, "विलासराव, गावासाठी पळताय. सत्कार झालाच पाहिजे." ग्रामपंचायतीत शाल, नारळ, वर जेवण. दुसऱ्या दिवशी डेअरीनं केला. डेअरीनं केला म्हणून सोसायटीनं केला. तरुण मंडळानं चौकात फ्लेक्स लावला — विलासचा फोटो, खाली त्याच्यापेक्षा मोठे अण्णांचे फोटो. मग पाहुण्यांच्या गावानं बोलावलं. नाही कसं म्हणणार? माणसं रागावतील की! रोज संध्याकाळी भाषणं, मागून मटण नाहीतर जिलेबी. आमचे तबलजी हसतायत बघा, त्यांना पोटाचा विषय लगेच कळतो.

रात्री जेवण जड, पहाटे अंग जड. एक दिवस राहिला. म्हणाला, उद्या डबल पळू. उद्या गुडघा दुखला. परवा लग्न होतं. आणि मनात एक गोड खोटं बसलं, मंडळी. रोज कुणीतरी गळ्यात हार घालून "धावपटू" म्हणतं, तेव्हा माणसाला वाटायला लागतं की आपण धावलोच आहोत.

शालननं एकदाच विचारलं. "हल्ली पळायला जात नाही?"

"होईल गं. अंगातली रग काय जाते का?"

तिनं नवी शाल घडी करून ट्रंकेत ठेवली.

शर्यतीचा रविवार उजाडला. गाव टेम्पो भरून जिल्ह्याला आलं, लेझीम आली, ढोल आला. पेशंट मंडळी शेवटच्या रेषेपाशी खुर्च्यांवर बसवली, त्यांच्यात शालन. शिट्टी झाली. पहिले पाच किलोमीटर विलास नुसत्या टाळ्यांवर पळाला. आठव्याला बरगडीखाली चमक आली. अकराव्याला पोटऱ्यांत गोळे. लिंबूपाणी घेतलं, ते उलटून पडलं. मग धावणं संपलं आणि चालणं सुरू झालं. घड्याळ बघायची भीती वाटायला लागली.

चौदाव्याला तो एका दगडावर टेकला, तेवढ्यात एक म्हातारी मागून आली. नऊवारीचा काष्टा, पायात कापडी बूट. थांबली.

"कुणासाठी पळतोयस?"

"बायकोसाठी."

"मी लेकासाठी. चल ऊठ, माझ्या मागं ये."

उठला बिचारा. तिच्या पाठीकडं बघत शंभर पावलं पळाला असेल. म्हातारी काही दैवी नव्हती हो! तिच्या गावात तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून दोन महिने ती रोज बांधावरून पळाली होती, एवढंच. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि विलास पुन्हा रस्त्याच्या कडेला बसला. पाय हलेनात. त्यानं मांड्यांवर बुक्क्या मारल्या. "चला रे, आजच्या दिवस चला," असं स्वतःच्या पायांना म्हणाला आणि रडला. पण पायांचा काय दोष? पायांना कुणी पहाटे उठवलंच नव्हतं.

तीन तास झाले. मागून संस्थेची गाडी आली. डॉक्टरबाई उतरल्या, नाडी बघितली, म्हणाल्या, "काका, वेळ संपली. बसा गाडीत." तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी चालत जातो, संध्याकाळपर्यंत पोचतो. पण लिहा की पोचला." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खोटं कसं लिहिणार?

तुम्ही वाट बघताय ना, आता देव धावेल म्हणून? गजेंद्रासाठी धावला, द्रौपदीसाठी धावला. नाही धावला, मंडळी. दोन महिने रोज पहाटे तो विलासला जागा करत होता, त्याचं काम त्यानं केलं होतं.

गाडी रेषेपाशी आली. विलास खाली मान घालून उतरला. आणि अण्णांनी काय करावं? हार आणलाच होता, वाया कशाला घालवायचा! "प्रयत्न तर केला आमच्या वाघानं!" म्हणत गळ्यात घातला. ढोल वाजला. चार पेशंट खुर्च्यांवर बसून बघत होते. विलासला वाटलं, कुणीतरी आपल्याला शिवी द्यावी. एकानंही दिली नाही.

शालन खुर्चीचा आधार घेत उठली. हळूहळू त्याच्याजवळ आली. तिनं तो हार काढला आणि पदरानं त्याची मान पुसली.

"चला घरी," म्हणाली. "उद्या सोमवार आहे. सहाची एसटी गाठायचीय."

संपलं आख्यान. आप्पा, आता सांगा, कुणी बुडवलं त्याला?

थोरव्यांना नावं ठेवू नका. मी विचारतोय, हार विकत कुणी आणले होते? आपणच की! काम व्हायच्या आधी टाळ्या वाजवतो, माणूस फुगवतो, आणि तो पडला की फ्लेक्स उतरवून दुसऱ्याचा लावतो. त्या गावातला एक जण जरी पहाटे पाचला विलासच्या दारात येऊन म्हणाला असता, "चल, मीही येतो" — तर आज शालन गावच्या दवाखान्यात पायी गेली असती.

त्या खांबामागं माझ्यासाठी शाल-नारळ ठेवलाय, तो दिसतोय मला. राहू द्या. तुमच्या आळीत कुणी आजारी आहे, कुणी एकटं झटतंय, त्याचं दार तुम्हाला माहीत आहे. पहाटे तिथं जाऊन उभे राहा. जमणार नसेल, तर आत्ता माझ्या मागून देवाचं नावसुद्धा घेऊ नका. आणि जमणार असेल त्यांनीच म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!

आवाज एवढाच?