तुळजाबाईचे डोळे

बघा, आता तुमीसुद्धा तेच करताय... मी हितं घसा फोडून बोलतोय आन् तुमची नजर माझ्या खांद्यावरनं मागं! न्हाई, राग न्हाई मला, सवय झालीय. हल्ली कुणीच माझ्या तोंडाकडं बघून बोलत न्हाई. दूधवाला बघत न्हाई, पाळकसाहेब बघत न्हाईत. गेल्या रविवारी चर्चमधी उपदेश असा रंगला होता, तेवढ्यात साहेबांची नजर माझ्यावर आली, माझ्यावरनं मागं गेली आन् वचन अर्ध्यातच लटकलं. मागच्या बाकावरचे शमुवेलमामा हळूच उठून पार खिडकीपाशी जाऊन बसले. केस कापायला गेलो, तिथं समोर आरसा, म्हणून मी आपला डोळं गच्च मिटून बसलो. तर कात्री मधीच थांबली. म्हणलं, काय झालं? न्हावी हळूच कानात म्हणतो कसा, "काय न्हाई भाऊ, तेवढं बाईमाणसाला बाहेर बसवा की. हे जेंट्सचं दुकान हाय."

आता मी कुणाला काय सांगायचं? मी चित्रकार हाय, मांत्रिक न्हाई!

तुमाला सांगतो, मी ब्लेसन. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलो, पुण्यात चित्रकलेचा डिप्लोमा केला आन् हितं खुटबावला, हौसरावआप्पांच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडात स्टुडिओ मांडला. कोंबड्यांचा वास अजून गेला न्हाई. ओल्या रंगावर पिसं चिकटतात आन् पुण्याची माणसं येऊन म्हणतात, "वा, काय टेक्श्चर आहे." माझा विषय म्हणाल तर झोपलेली माणसं. रांजणगावच्या कंपनीच्या बस सकाळी नाइट शिफ्टवाल्यांना घेऊन सुटतात बघा, त्यात माना टाकून, तोंडं उघडी टाकून झोपलेली पोरं असतात, मी वर्षानुवर्षं तेवढंच काढतोय. लोक म्हणतात, काय करुणा आहे! करुणा कसली डोंबलाची... मला डोळं काढता येत न्हाईत. उघडा डोळा काढायला घेतला की हात थरथरतो, वाटतं, हा आता माझ्याकडं बघणार. म्हणून सगळ्यांना झोपवून टाकलं. असा मी भित्रा माणूस, आन् माझ्याच वाट्याला हे यावं?

तर झालं काय, आमच्या उसात बिबट्या आला. आधी कुत्री गेली, मग शेळ्या गेल्या, मग पलीकडच्या वस्तीवर खुरपणाऱ्या बाईच्या मानेवरच झेप घातली त्यानं. वाचली ती, पण मान वळत न्हाई तिची आता. मग वनखात्याचे एक साहेब आले, पारावर सभा झाली. साहेब म्हणाले, "तो वाकलेल्या माणसावर मागून येतो. डोक्याच्या मागं मुखवटा बांधा. त्याला वाटेल, हे आपल्याकडंच बघतायत." झालं! अख्ख्या सभेनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. गावात चित्रकार एकच ना.

पहिली आली सविता, आप्पांची सून. नवरा पृथ्वीराज रांजणगावला कंपनीत, आप्पांचे गुडघे गेलेले, रान सगळं हिच्याच अंगावर. म्हणली, "भाऊ, मला कुणाचंबी तोंड नको. आमच्या सासूबाईंचं करा."

म्हणलं, अहो, तुळजाबाई तर वारल्या.

"म्हणून तर. त्यांना अख्खं खुटबाव घाबरायचं, बिबट्या काय चीज हाय?" आन् मग जरा खाली बघून म्हणली, "जन्मभर माझ्या पाठीमागं बोलल्या त्या. आता पाठीमागं उभ्याबी राहू द्या की."

मी बाईंना कधी बघितलेलं न्हाई. मी शेडात यायच्या आधीच त्या गेल्या. फोटो मागितले तर सगळ्या फोटोत डोळं मिटलेलं! लग्नातला घ्या, आधार कार्डावरला घ्या, सगळीकडं मिटलेलंच. आप्पा म्हणाले, "खोडच ती तिची. कुणी टक लावून बघितलं की मिटायची. मी पहिल्यांदा बघायला गेलो तवाबी मिटलं. आपण नजर काढली की उघडायची... आन् मग आपली धडगत नसायची." मला काय, सोन्याहून पिवळं! कागदाचा लगदा लावला, नाक काढलं, सुरकुत्या काढल्या, पापण्या मिटून टाकल्या. सविता बघून म्हणते, "मिटल्या डोळ्यांची? बिबट्या म्हणंल, म्हातारी पेंगतीय, चला."

मग काय, बसलो डोळं काढायला. भर दुपार, पत्रा तापलेला, शेडात मी एकटा. ब्रश टेकवला आन् तुमाला सांगतो, हात थरथरलाच न्हाई. जन्मात पहिल्यांदा. रेघ अशी सरळ गेली, जसं कुणीतरी मागनं मनगट धरलंय. शेवटी डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका पडला. चुकला म्हणून पुसाय गेलो, तर हात हलंना. म्हणलं, उकाड्यानं झालं असंल.

आप्पांनी मुखवटा बघितला आन् टोपी काढून खालीच बसले. "ठिपका कुणी सांगितला तुमाला? माझ्याशिवाय कुणाला ठावं न्हवता." रडले हो बिचारे, पोरासारखे रडले. मग डोळं पुसून मुखवट्याला म्हणतात, "चहात साखर न्हाई घेत गं मी आता." मला सांगा, ह्यात माझा काय संबंध? मी चित्रकार हाय, मांत्रिक न्हाई!

पण त्याच आठवड्यात कांद्याच्या ओल्या सरीत ठसे दिसले. उसातनं निघालेले, सविताच्या मागं मागं आलेले, पार हातभर अंतरावर येऊन थांबलेले... आन् तिथनंच माघारी वळलेले. ती समोर बघून खुरपत होती, तिला पत्ताबी न्हाई.

मग काय विचारता, सगळ्या गावाच्या सुना माझ्या शेडात! प्रत्येकीला आपापली मेलेली सासू पाहिजे. आमची आई कृपाबाई तर शिरूरवरनं धडधाकट चालत आली. म्हणाली, "माझा जिवंतपणीच करून ठेव, मागनं नाक चुकवशील. आपल्या फेथला होईल." फेथ, म्हंजी माझी बायको, म्हणते, "त्यांना पाठीला बांधण्यापरास मला बिबट्या परवडला." हसताय व्हय? हसा. संध्याकाळी बांधावर या आन् मग हसा. बायका रानातनं घराकडं जायला लागल्या की पावलं लांब लांब जातात, आन् तोंडं आपल्याकडं बघत राहतात. सगळ्या मेलेल्या बायका, ओळीनं, मागं मागं चालत निघालेल्या... आन् बाकीच्यांच्या डोळ्यांना मी नुसती भोकं पाडलेली, कारण हात पुन्हा थरथरायला लागला होता. बघणारी एकटी तुळजाबाईच.

असाच एकदा मुखवटे पोचते करून उसाच्या कडेनं येत होतो, दिवस मावळायला टेकला होता. आन् समोर तो, वाटेत बसलेला. प्रार्थना आठवंना, आठवलं ते तेराचा पाढा. पण तुमाला सांगतो, तो माझ्याकडं बघतच न्हवता. माझ्या खांद्यावरनं मागं बघत होता. मग त्यानं कान पाडले, शेपटी पायात घातली आन् दटावलेल्या कुत्र्यासारखा सरपटत उसात गेला... आन् माझ्या मागं बांगड्या वाजल्या. मी वळलो न्हाई. आप्पांच्या घरी जाऊन सविताला विचारलं, मुखवटा कुठं हाय? म्हणली, "खुंटीला हाय की, सकाळधरनं."

तवापासनं हे असं. माझ्या घरातले आरसे सगळे भिंतीकडं तोंड करून हायत. चहात साखर टाकाय गेलो की मागनं "च्च" येतं.

तरीबी मी कुणाला बोललो नसतो. पण काल सविता आली. मुखवटा पुढं धरला, म्हणली, "घामानं डोळं पुसलं भाऊ." बघितलं तर खरंच, दोन पांढरे डाग नुसते. आन् हळूच म्हणली, "आज सरीत परत ठसे होते. माघारी वळलेलं न्हवतं, बाजूच्या उसात शिरलेलं." म्हणलं, बाई, नका जाऊ उद्या रानात. तर म्हणते, "कांदा काय मी येईपर्यंत थांबणार हाय? घरात दुसरं हाय कोण?" तिची मान बघितली मी तवा. वीतभर असंल नसंल. झोप लागली न्हाई मला, खोटं सांगत न्हाई.

कालपासनं बसलोय. एक डोळा शेळीसारखा येतोय, एक माशासारखा. ठिपका नुसता आठवतोय, कुठं होता ते न्हाई. फोटोत मिटलेले. म्हंजी बघायची जागा आता एकच राहिली. वळायचं. आन् मी न्हाई वळणार, मेलो तरी न्हाई.

म्हणून तर तुमाला बोलवलं. तुमाला काय वाटलं, सतरंजी टाकली, चहा पाजला, ते माझी कला दाखवायला? तुमी माझ्यासमोर बसलाय. तुमाला दिसतंय. मघापासनं दिसतंय, मला कळत न्हाई व्हय? मग सांगा की. डावा डोळा. ठिपका बुबुळाच्या वर हाय का खाली?

...का गप्प?

...मिटलेत?

मिटणारच की! एवढी सगळी माणसं टक लावून बसल्यावर ती कशाला उघडंल... जन्मभर मी मिटलेले डोळे काढले, आता उघडे पाहिजेत तर बाई मिटून बसलीय. बरं, असं करा, सगळ्यांनी तिकडं दाराकडं बघा. मान परत इकडं वळवू नका. मी ब्रश भिजवलाय, मुखवटा मांडीवर घेतलाय. सकाळी सविताला रानात जायचंय.

या तुळजाबाई, धरा मनगट.

मी चित्रकार हाय, मांत्रिक न्हाई, असं म्हणत होतो ना मघापासनं? ते सोडा. खरं सांगायचं तर मी आता चित्रकारबी न्हाई. मी नुसता ब्रश धरतो. काढणारी मागं हाय.